चुकीचा भाव

चुकीची किंमत मोजावी लागते, हे वाक्य लहानपणी मी ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांत वडील होते, शाळेतले गुरुजी होते आणि महिन्याच्या उधारीवर साखर देणारा वाणीही होता. ही किंमत चुकणाऱ्यानेच मोजायची, याबद्दल तिघांचेही एकमत होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीला तो शब्द दहा वेळा लिहायचा, असा आमच्या शाळेतला दर होता. ‘दीर्घ’ हा शब्द चुकवणाऱ्या मुलांची बोटे दीर्घकाळ दुखत.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितले, की जगात एक बाजार असाही आहे जिथे चूक करतो एक आणि तिची किंमत मोजतात दुसरेच, तीसुद्धा हौसेने, डॉलरमध्ये, तर त्याला ते पचायला जड जाणारच. मला हे सांगितले माझ्या भाच्याने. हा भाचा न्यू जर्सीला असतो, संगणकात काहीतरी करतो आणि फावल्या वेळात बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी कार्डे जमवतो. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकेला जाऊन बिघडलेला चुलतभाऊ. दांडू आहे, चेंडू आहे, धावाधाव आहे. फक्त चहापानाची सुट्टी नाही.

ही कार्डे म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. पूर्वी अमेरिकेत सिगारेटची पाकिटे फार मऊ असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून पाकिटात एक जाड कागदाचा तुकडा घालत. कोरा कागद घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे कोण्या धूर्त माणसाच्या ध्यानात आले आणि नट्या, पक्षी, सेनापती यांच्याबरोबर खेळाडूही पाकिटात जाऊन बसले. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली. बाप धूर सोडायचा तिथे मुलगा फुगे सोडू लागला, पण चित्र राहिले. आमच्या पिढीने काडेपेट्यांवरची चित्रे जमवली, आमच्या पुतण्यांनी गोळीच्या वेष्टनातले क्रिकेटपटू जमवले. तेव्हा या वेडाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. फरक इतकाच की आपली चित्रे आईने दिवाळीच्या साफसफाईत फेकून दिली. तिकडच्या आयांनीही फेकली म्हणा, पण ज्यांच्या आया विसरल्या त्यांची मुले पुढे श्रीमंत झाली.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटींच्या पाकिटांतून असा पाचशेहून जास्त कार्डांचा संच वाटला. संग्राहक त्याला ‘टी-२०६’ म्हणतात. ऐकायला पोलिसांच्या गाडीचा नंबर वाटतो, पण या लोकांत तो आदराने उच्चारतात. या संचात फिलाडेल्फियाच्या संघातला शेरी मगी नावाचा एक खंदा खेळाडू होता. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी दोन ‘ई’ येतात. छापणाऱ्याने त्यातल्या एका ‘ई’च्या जागी ‘आय’ बसवला. थोडी कार्डे छापून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, दुरुस्ती झाली आणि पुढची सगळी कार्डे शुद्ध निघाली. आज शुद्ध मगी संग्राहकाला परवडतो. अशुद्ध मगीसाठी मात्र हजारो डॉलर मोजावे लागतात. एका अक्षराचे हे पैसे!

यातली गंमत मराठी माणसालाच कळेल. हे नाव देवनागरीत लिहून पाहा. दोन्हीकडे ‘मगी’च! हे कार्ड पुण्याच्या एखाद्या छापखान्यात मराठीत छापले असते तर ही चूक झालीच नसती. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते याचा मला आजवर अभिमान होता. तिच्यामुळे आपले किती नुकसान झाले आहे ते आता कळते आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. मुद्राराक्षस या प्राण्याशी त्यांचा घरोबा होता. त्यांना मी मगीची हकिगत सांगितली, तर ते जराही चकित झाले नाहीत.

“अहो, आमच्याकडे एका लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ नवरदेवाच्या नावामागे लागलं होतं,” ते म्हणाले. “तीनशे पत्रिका छापायच्या होत्या. चाळीस गेल्यावर वधूपित्याच्या मेव्हण्यानं वाचलं. मग काय, मशीन थांबवलं, खिळे बदलले, उरलेल्या नीट काढल्या.”

“आणि त्या चाळीस?”

“त्या जाळल्या. मालकानं कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. अमेरिकेत असते तर काकांनी त्या चाळीस पत्रिकांवर बंगला बांधला असता. नवरदेवानेही तक्रार केली नसती.

अशी कार्डांची गोष्ट चालली असताना मला माझ्या रेशनकार्डाची आठवण होणे साहजिक आहे. आपल्याकडे कार्ड म्हटले की पहिले तेच. ते देणाऱ्या कचेरीचे नाव इथे घेत नाही. अजून त्याच वॉर्डात राहतो. अर्जात मी वय ४१ आणि कुटुंबातील माणसे ४ असे लिहिले होते. कार्डावर उतरले ते वय ४ आणि माणसे ४१. चार वर्षांचा कर्ता पुरुष एक्केचाळीस माणसांचा गाडा ओढतो आहे, हे चित्र पाहून दुकानदाराच्याही डोळ्यांत पाणी आले, पण साखर त्याने चौघांचीही दिली नाही. दुरुस्तीसाठी अर्ज, अर्जाला तिकीट, तिकिटावर सही आणि सही माझीच आहे याचे प्रतिज्ञापत्र, असे करत तीन महिने गेले. शेवटी नवे कार्ड मिळाले आणि जुने खिडकीतल्या गृहस्थांनी जमा करून घेतले.

हे ऐकून भाचा टेलिफोनवर ओरडलाच. “मामा, ते जुनं कार्ड तुम्ही देऊन टाकलंत?”

“अरे, दिलं नसतं तर साखर मिळाली नसती.”

“साखर काय, कुठेही मिळते!” तो म्हणाला. अमेरिकेत राहिल्यावर माणसाचे इतिहासाचे भान सुटते ते असे.

पण त्याच्या या हळहळण्यातच सगळ्या धंद्याची मेख आहे. मला आधी वाटले होते, चूक असली की कार्ड महाग. तसे मुळीच नाही. चूक होऊन भागत नाही, ती वेळेवर दुरुस्त व्हावी लागते. यंत्र थांबायला हवे, कोणीतरी कपाळावर हात मारून घ्यायला हवा आणि तोवर निसटलेली थोडी कार्डे जगात हिंडत राहायला हवीत. चूक कोणाला दिसलीच नाही, किंवा दिसूनही कंपनीने ‘जाऊ दे’ म्हटले, तर सगळीच्या सगळी कार्डे सारखीच चुकलेली निघतात. मग चुकीला कोण विचारतो? काका म्हणाले तेच खरे, “दुरुस्त केली नाही तर ती चूक कसली? ती आवृत्ती!”

याची साक्ष द्यायला मोठमोठी माणसे उभी आहेत. हँक आरन हा बेसबॉलमधला केवढा थोर फलंदाज! १९७४ साली त्याने बेब रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम मोडला. हा माणूस उजव्या हाताने खेळणारा. पण टॉप्स या च्युइंगमवाल्या कंपनीच्या १९५७ च्या कार्डावर तो चक्क डावखुरा दिसतो, कारण फोटोची निगेटिव्ह उलटी बसली. आपल्या गावसकरांनी १९८१-८२ च्या रणजी हंगामात कर्नाटकाविरुद्ध खरोखरच डाव्या हाताने फलंदाजी केली होती. पण ती त्यांनी स्वतः विचार करून केली, छापखान्याने त्यांच्याकडून करवून घेतली नाही. आरनचे ते कार्ड कधीच दुरुस्त झाले नाही. आज त्याला भाव आहे तो आरनचा आहे, चुकीचा नाही.

याहून मासलेवाईक प्रकार १९६९ सालचा. त्या वर्षीच्या टॉप्सच्या संचातले ६५३ क्रमांकाचे कार्ड कॅलिफोर्निया एंजल्स संघाच्या ऑरेलिओ रॉड्रिगेझचे आहे. मेक्सिकोतून आलेला हा मुलगा. त्याच्या ‘ऑरेलिओ’ या नावात इंग्रजीतले पाचही स्वर येतात. इतके संपन्न नाव असून कंपनीने त्याचा चेहरा मात्र चुकवला. कार्डावर नाव रॉड्रिगेझचे, माहिती रॉड्रिगेझची आणि बॅट घेऊन ऐटीत उभा आहे तो संघाचा बॅटबॉय, म्हणजे खेळाडूंच्या बॅटी उचलून ठेवणारा पोरगा! आपल्याकडे नवरदेव म्हणून आंतरपाट धरणाऱ्या मुलाचा फोटो छापावा तसे झाले हे. तेसुद्धा त्याचे पहिलेच कार्ड. कंपनीने ते दुरुस्त केले नाही, त्यामुळे ते ढिगाने मिळते आणि परवडते. माझ्या भाच्याकडे म्हणूनच ते आहे. पुढे याच रॉड्रिगेझने १९७६ साली तिसऱ्या बेसवरच्या उत्तम क्षेत्ररक्षणाचे सोनेरी हातमोज्याचे पारितोषिक मिळवले. त्याआधी सोळा वर्षे ते ब्रूक्स रॉबिन्सन या एकाच माणसाच्या घरी जात होते. इतके करूनही जुनी कार्डे चाळणारा माणूस त्याला ओळखतो तो ‘चेहरा चुकलेला’ म्हणूनच. २००० साली डेट्रॉइटमध्ये मोटारीच्या धडकेने तो गेला. बॅटबॉयचा चेहरा मात्र त्याच्या नावावर अजून हजारो घरांत हसतो आहे.

चुका होतात कशा, हे काकांना विचारायची सोय होती म्हणून बरे. कार्डे एकेक छापत नाहीत. टॉप्सवाले एका मोठ्या कागदावर १३२ कार्डे छापत आणि मग कापत. रंगीत छपाईत निळा, लाल, पिवळा आणि काळा असे चार रंग एकामागून एक चढतात. त्यातला एखादा रंग रुसला की पंचाईत. १९८२ साली काही कार्डांवर काळा रंग चढलाच नाही. खेळाडूंच्या छापील सह्या काळ्या शाईत असत, त्या गायब झाल्या. १९९० साली फ्रँक थॉमस या धिप्पाड नवोदिताच्या काही कार्डांवर त्याचे नावच उमटले नाही. यंत्रात काहीतरी मध्ये आले आणि तेवढ्या भागात काळी शाई पोचली नाही. पुढे चौकस लोकांनी शोधून काढले, की त्याच कागदावरच्या शेजारच्या कार्डांवरही कुठे काळी रेघ तुटली आहे, कुठे अक्षराचा तुकडा उडाला आहे. ती कार्डे एकमेकांशेजारी मांडली की अडथळा कुठून कुठवर आला होता त्याचा नकाशाच तयार होतो. एवढ्या बारकाईने आपल्याकडे फक्त हुंड्याच्या यादीची तपासणी झालेली आहे.

शाईची चूक निरागस असते. काही चुका मात्र चेहऱ्याने निरागस आणि पोटात वेगळ्या. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने २४० क्रमांकांचा संच काढला. पोरे गम विकत घेत होती, चघळत होती, कार्डे लावत होती. सगळ्यांचे घोडे १०६ क्रमांकावर अडले. १०५ आहे, १०७ आहे, पण १०६ कोणाकडेच नाही! पोरांना वाटले आपले नशीब फुटके. पोरांनी आणखी गम घेतला. जबडे दुखले, खिसे रिकामे झाले, १०६ काही निघेना. निघणार कसे? ते छापलेच नव्हते. पालकांची पत्रे आली तेव्हा कंपनीने १९३४ साली नॅप लाज्वे या जुन्या खेळाडूचे १०६ नंबरचे कार्ड छापले आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने धाडले, पत्राला टाचणीसारखी क्लिप लावून. हा लाज्वे १९१६ सालीच निवृत्त झालेला. म्हणजे घराची झडती होणार म्हणून आजोबांना कोनाड्यातून काढून पुढे बसवावे तसा प्रकार. आज हे कार्ड फार दुर्मिळ आहे आणि काहींवर त्या क्लिपेचा वळ अजून दिसतो. याला चूक म्हणावे की लबाडी? आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्यांनाही पुढे कोणी तो हस्तदोष होता असे म्हटलेले नाही.

१९८० साली अमेरिकेत एका न्यायालयाने टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस अशा दोन कंपन्या घाईघाईने मैदानात उतरल्या. घाईत काय होते ते घाईघाईने लग्न उरकलेल्या कोणालाही विचारा. चुकांचा पाऊस पडला. न्यू यॉर्कच्या ग्रेग नेटल्सला फ्लीअरने मागच्या बाजूला ‘क्रेग’ करून टाकले आणि मग दुरुस्त केले. (ही चूक देवनागरीतही दिसते, एवढे त्याचे भाग्य.) दर छपाईत काही चुका सुधारत आणि पोरे, बापे, दुकानदार भिंग घेऊन पाकिटे फोडत बसत. खेळाडू किती चांगला खेळतो हे पाहायचे सोडून त्याचे स्पेलिंग किती वाईट आहे हे पाहायचे, असा हा नवा खेळ सुरू झाला.

आणि मग १९८९ साली या सगळ्या नाटकाचा तिसरा अंक झाला. नायक बिली रिपकेन. बाल्टिमोर ओरिओल्सचा हा खेळाडू सज्जन घराण्यातला. थोरला भाऊ कॅल, ज्याने एकही सामना न चुकवता सलग २६३२ सामने खेळून विक्रम केला. वडील त्याच संघाचे व्यवस्थापक होते, म्हणजे बाप मॅनेजर आणि दोन्ही मुले संघात. आपल्याकडे याला घरचे दुकान म्हणतात. फ्लीअरच्या ६१६ क्रमांकाच्या कार्डावर बिली खांद्यावर बॅट टाकून शांतपणे उभा आहे. चेहऱ्यावर शाळेतल्या शहाण्या मुलाचा भाव. फक्त बॅटच्या मुठीचे टोक कॅमेऱ्याकडे आले आहे आणि त्या टोकावर ठळक अक्षरांत दोन इंग्रजी शब्द लिहिले आहेत. ते शब्द इथे छापता येणार नाहीत. फ्लीअरने मात्र छापले, आणि तेही लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या पाकिटात.

गवगवा झाला. कार्डाचा भाव पाहता पाहता शेकडो डॉलरपर्यंत चढला. फ्लीअरने दुरुस्ती हाती घेतली. पण दुरुस्ती कशी करावी याबद्दल कंपनीत एकमत नसावे. एका आवृत्तीत त्या शब्दांवर पांढरा डाग आहे. एकीत काळ्या रेघोट्या ओढल्या आहेत, शाळेतल्या पोराने बाकावरचे नाव खोडावे तशा. एकीत नुसत्या पांढऱ्या रेघोट्या. शेवटी कोणीतरी सरळ काळा चौकोन ठोकून दिला. एक शिवी झाकायला इतके प्रकार! परिणाम काय? आधी लोकांना एकच कार्ड हवे होते, आता सगळी हवी झाली. आणि आज पाहाल तर तो पांढरा डागवाला प्रकार मूळ शिवीपेक्षा दुर्मिळ आणि महाग आहे. चुकीपेक्षा दुरुस्तीला जास्त भाव! हे ऐकून काकांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत त्यांनी जुळवलेल्या शुद्धिपत्रांचे कधी कोणी कौतुक केले नव्हते.

हे शब्द लिहिले कोणी, हे मात्र वीस वर्षे गुलदस्तात राहिले. २००८ साली बिलीनेच कबूल केले, की सरावाची बॅट चटकन ओळखू यावी म्हणून त्याने स्वतःच ते लिहिले होते. आपण स्टीलच्या भांड्यांवर नावे घालतो, त्यातलाच प्रकार. भांडे शेजारी गेले तरी परत यावे, हा हेतू. फक्त मजकुराची निवड चुकली. मात्र अक्षरे इतकी ठळक दिसावीत म्हणून कंपनीनेच काहीतरी केले असावे, असा त्याचा संशय होता.

चुकीचा भाव उतरवण्याचा रामबाण उपाय कोणता, हे कार्डवाल्यांना सुचले नाही, पण अमेरिकन टपालखात्याला सुचले. तिकिटे ही या कार्डांची थोरली बहीण. चुकांचा मान तिकडे जुना आहे. आपल्याकडच्या १८५४ सालच्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे छापले गेले आणि तो उलटा मुखवटा आज जगातल्या मोठ्या तिकीटसंग्रहांचे भूषण आहे. तर १९६२ साली अमेरिकेत डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ चार सेंटचे तिकीट निघाले. त्याच्या काही प्रतींत पिवळा रंग उलटा पडला. एका गृहस्थाला असा पन्नास तिकिटांचा सबंध कागद मिळाला. तो बिचारा आनंदाने नाचत असेल, तोच पोस्टमास्तर जनरलनी फर्मान काढले: उलट्या पिवळ्या रंगाची आणखी चार कोटी तिकिटे मुद्दाम छापा! छापली. गृहस्थाची दौलत एका रात्रीत पन्नास गुणिले चार सेंटच्या आसपास आली. चूक सुधारली नाही, दडवली नाही, उलट सगळ्यांना सारखी वाटून टाकली. समाजवाद म्हणतात तो हा, आणि तो आणला कोणी, तर अमेरिकेने.

हा रोग आता जुन्या माणसांपुरता राहिलेला नाही. १९९९ साली पोकेमॉनच्या ‘जंगल’ नावाच्या इंग्रजी संचातल्या चकाकत्या कार्डांच्या काही प्रतींवर संचाचे चिन्ह छापायचेच राहिले. ज्या पोरांनी तेव्हा ‘आपल्या कार्डावर फूल नाही’ म्हणून भोकाड पसरले, ती आज मोठी होऊन तेच कार्ड शोधत फिरतात. आमच्या सोसायटीतला एक सातवीतला मुलगा चिप्सच्या पाकिटातल्या चकत्या अशाच भिंगातून पाहतो. त्याच्या वहीतल्या चुका तो एवढ्या लक्ष देऊन पाहील तर पहिला येईल. पण त्याचेही खरे आहे. वहीतल्या चुकांना गिऱ्हाईक कुठे आहे?

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. या सगळ्या व्यवहारात चूक छापणाऱ्याला प्रसिद्धी, विकणाऱ्याला पैसे, घेणाऱ्याला समाधान मिळते. ज्याचे नाव चुकले त्याला काय? त्या शेरी मगीचेच घ्या. १९१० साली तो आपल्या लीगमधला अव्वल फलंदाज होता, सरासरी.३३१. हे सांगितले तर बाजारातली माणसे ‘हो का?’ म्हणतात आणि पुन्हा त्या ‘आय’कडे वळतात.

पण याच मगीची एक चूक कार्डावर नाही, मैदानावर झाली होती. जुलै १९११ मध्ये अंपायरने त्याला बाद दिले. मगीने रागाने बॅट उंच भिरकावली. अंपायरने त्याला मैदानाबाहेर काढले, तेव्हा त्याने जाऊन अंपायरलाच असा ठोसा लगावला की तो बिचारा आडवा झाला. मगीवर उरलेल्या हंगामापुरती बंदी आली. ती पुढे कमी झाली, पण कलंक लागायचा तो लागलाच. मग तो खेळला, संघ बदलले, वय झाले, खेळ संपला. आणि १९२८ साली हाच मगी त्याच लीगमध्ये अंपायर म्हणून उभा राहिला! कोणाचा ठोसा कधी येईल याचा नेम नाही अशा जागी, सतरा वर्षांनी, स्वतःच्या पायांनी जाऊन. पुढच्या मार्चमध्ये न्यूमोनियाने तो वारला. वय ४४.

त्याच्या नावातली चूक सिगारेटच्या कंपनीने दुरुस्त केली. तिला यंत्र थांबवायला लागले असतील थोडे तास. मैदानावरची त्याने स्वतः केली, तिला सतरा वर्षे लागली. पहिल्या दुरुस्तीमुळे जी कार्डे दुर्मिळ झाली त्यांना आज हजारो डॉलर पडतात. दुसऱ्या दुरुस्तीचे कार्डच कोणी काढले नाही. काढले असते, तर मी भाच्याला सांगून एक मागवले असते. मग त्यावर मगीचे स्पेलिंग कसेही असो. देवनागरीत ते बरोबरच असते.